गारीची गाडी

आमच्या शाखेत कोणतीही आपत्ती परिपत्रकाच्या रूपानेच येते. यंदा फेब्रुवारीत जे परिपत्रक आलं त्यात म्हटलं होतं, की २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन प्रत्येक शाखेने साजरा करावा आणि छायाचित्रांसह अहवाल पाठवावा. ‘छायाचित्रांसह’ या शब्दाखाली रेघ होती. म्हणजे गौरव थोडा कमीजास्त झाला तरी चालेल, फोटो स्वच्छ हवेत.

साहेब केबिनबाहेर आले आणि त्यांनी सगळ्या काउंटरांवरून एकदा नजर फिरवली. अशी नजर फिरू लागली की आम्ही सगळे एकदम कामात बुडतो. मी त्या दिवशी बुडायला अर्धा सेकंद उशीर केला.

“तुम्ही दिवाळी अंकात लिहिता ना काहीतरी?”

“कधीमधी. विनोदी.”

“मग भाषेतलं तुम्हाला कळत असणार. पंधरा मिनिटं बोला. विषय – मराठीचे शुद्ध रूप आणि तिच्यात शिरलेली भेसळ. नंतर सामोसे आहेत.”

लिहिणाऱ्या माणसाला भाषेतलं कळतं हा गैरसमज बँकेतल्या माणसाकडे पैसा असतो या गैरसमजाइतकाच लोकप्रिय आहे. मी साधा बी.कॉम. आहे. पण साहेबांना नाही म्हणण्याची आमच्या घराण्यात परंपरा नाही. ते केबिनकडे वळता वळता म्हणाले, “आणि हो, इथल्या लोकांचंही एखादं उदाहरण टाका. ते ‘गारी’ आणि ‘सारी’! पनवेलला बदली झाल्यापासून माझी करमणूक चालली आहे.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याबद्दल मला पुढे बोलायचं आहे, म्हणून तूर्त ते अनामत खात्यात ठेवतो.

कॉमर्सवाल्याला भाषा कळत नसली तरी तपासणी करता येते. मी ठरवलं, आपल्याच काउंटरवरच्या शब्दांचं ऑडिट करावं. भेसळ किती ते आकड्यात काढावं आणि मोकळं व्हावं. रात्री जेवण झाल्यावर शब्दकोश घेऊन बसलो. ‘जमा’ अरबी निघाला. ‘बाकी’ अरबी. ‘रक्कम’, ‘कर्ज’, ‘हिशेब’, ‘सही’ – सगळी मंडळी मूळची अरबस्तानातली, फारशीच्या दरवाजाने आमच्याकडे शिरलेली. सही ज्या शाईने करायची ती ‘शाई’ फारशी, आणि तिचा मूळ अर्थ काळेपणा. म्हणजे आमचे साहेब तीस वर्षं निळ्या काळेपणाने सह्या करत आले आहेत. ‘मुद्दल’ हा तमिळमधल्या ‘मुदल’चा भाऊ. आता निदान ज्या ‘पगारा’साठी हे सगळं करायचं तो तरी घरचा असावा, तर तोही पोर्तुगीज! कर्ज थकलं की जो ‘लिलाव’ होतो तोही पोर्तुगीज. म्हणजे आमच्या नोकरीची सुरुवात आणि गिऱ्हाइकाचा शेवट, दोन्ही लिस्बनहून आलेले.

शेवटी एकटा ‘व्याज’ अस्सल संस्कृत निघाला. मला भरून आलं. पण संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे काय? कपट, बहाणा. ‘निर्व्याज प्रेम’ म्हणजे कपट नसलेलं प्रेम. मी इतकी वर्षं ते बिनव्याजी समजत होतो. एकच शुद्ध शब्द सापडला आणि तो कपटी निघाला. आणि परिपत्रकाने मराठीच्या गौरवाचा जो मागितला होता तो ‘अहवाल’? तो अरबी. मागवणारे ‘साहेब’? तेही.

पत्नी म्हणाली, “आता झोपा.” ‘झोप’ कुठली आहे ते बघायचं धाडस मला झालं नाही.

आता गंमत अशी, की ही भेसळ काढण्याचा उद्योग माझ्याआधी फार मोठ्या माणसांनी करून पाहिला आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला, आणि त्याच सुमाराला महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. दरबारात रुळलेल्या फारशी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश. शब्द सुमारे १४००. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. एका राजाने राज्य मिळाल्यावर किल्ले, तोफा, घोडदळ यांच्याबरोबर शब्दांचीही व्यवस्था लावली, हे वाचून मला खरोखर अचंबा वाटला. ज्याच्या शब्दांत हुकूम लिहायचा त्याचंच राज्य मनात चालत राहतं, हे त्यांना कळलं असणार.

त्याचा परिणाम झाला का? इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतले शब्द चक्क मोजले. हा माणूस आमच्या खात्यात हवा होता. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४.४ निघाले, १६७७ च्या पत्रात ६२.७ आणि १७२८ मध्ये ९३.७. शंभर वर्षांत एवढी वसुली आमच्या कोणत्याही शाखेने केलेली नाही.

पण हा हिशेब पत्रांचा झाला. तोंडाचं खातं वेगळं असतं. महाराजांनी पेशव्याचा प्रधान केला. पुढे बाळाजी विश्वनाथांपासून त्या पदाचं भाग्य असं फळफळलं की हिंदुस्थानभर नाव झालं. शिक्क्यावर कोरलं ‘प्रधान’, आणि लोक म्हणत राहिले ‘पेशवे’. आजही म्हणतात. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस यांच्यातला फारशी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, याने तर आडनावांत कायमची जागा घेतली. भाडेकरू आडनावात शिरला की त्याला कोणता कोश बाहेर काढणार?

दुसरा मोठा प्रयत्न सावरकरांचा. १९२४ ते १९३७ ही वर्षं त्यांनी रत्नागिरीत स्थानबद्धतेत काढली, आणि त्याच काळात भाषाशुद्धीची चळवळ उभी केली. त्यांनी रुजवलेले शब्द आपण इतक्या सहज वापरतो की ते कोणी मुद्दाम केले असतील हे खरं वाटत नाही. दिनांक, क्रमांक, चित्रपट, महापौर. यातला ‘महापौर’ आमच्या पनवेलला यायला बराच वेळ लागला. आमची नगरपालिका १८५२ ची, मोठी जुनी. पण महापालिका झाली २०१६ साली, तेव्हा २०१७ मध्ये आम्हाला पहिला महापौर मिळाला. रत्नागिरी ते पनवेल हे अंतर एका शब्दाने ऐंशी वर्षांत कापलं. मुंबई-गोवा महामार्गाचा अनुभव असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

उलट फाउंटन पेनला सुचवलेली ‘झरणी’ कोणाच्याच खिशाला लागली नाही. ‘तारीख’ घालवायला ‘दिनांक’ आला, पण स्लिपवर दिनांक छापलेला असतो आणि गिऱ्हाईक विचारतं, “आज तारीख काय?” कोर्टात तर तारीखच पडते, दिनांक कधी पडल्याचं ऐकिवात नाही. कायद्याला पर्याय म्हणून ‘निर्बंध’ आला होता. कायदा हलला नाही. निर्बंध बिचारा कोशात बसून राहिला, आणि २०२० साली करोनाने त्याला असा बाहेर काढला की पाच वर्षांची पोरंही “निर्बंध कधी उठणार?” म्हणू लागली. शब्द एका कामासाठी भरती होतो आणि भलत्याच खात्यात त्याची बढती होते.

आणि एक शब्द ‘हुतात्मा’. तोही सावरकरांचा. तो आमच्या भागात कसा आला ते हसत सांगण्यासारखं नाही. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची जमीन त्यात गेली. मोबदल्यासाठी आंदोलनं झाली, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यांना आमच्याकडे सगळे हुतात्मेच म्हणतात. ज्या माणसांनी भाषाशुद्धीचं नाव ऐकलेलं नाही, ज्यांच्या तोंडी मूळचा जोडाक्षरांचा ससेमिरा नाही, तीही हा शब्द नीट, न अडखळता म्हणतात. त्या शब्दाची किंमत त्यांनी भरली आहे.

त्या आंदोलनानंतर जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्याबरोबर पनवेलच्या मराठीत नवीन नाम जन्माला आलं – ‘साडेबारा’. “त्याला साडेबारा मिळाला,” “साडेबारा विकला,” “पोरगी दिली, साडेबारा बघून दिली.” जगात इतरत्र साडेबारा वाजतात, आमच्याकडे ते सातबाऱ्याचे धाकटे भाऊ आहेत. याला कोणी कोश केला नाही, समिती नेमली नाही. गरज पडली, शब्द झाला. आता विमानतळाचं उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झालं, तर आमच्या गावची म्हातारी माणसं त्याला ‘इमानतळ’ म्हणतात. जमीन गेली आणि तिथे इमान उतरू लागलं, ही कोटी त्यांनी केलेली नाही. भाषा कधी कधी आपली आपण कोट्या करते.

हे सगळं टिपून झालं तरी ‘गारी’ आणि ‘सारी’ बाकी होत्या. साहेबांची फर्माईश! तेव्हा मला मागच्या वर्षीची शाखेची सहल आठवली.

सहल कोर्लईच्या किल्ल्याला होती. अलिबागच्या पुढे आक्षीला आम्ही चहासाठी थांबलो. तिथे शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा. शिलाहार राजा केसीदेव याच्या वेळचा. राजाच्या बिरुदांत पश्चिम समुद्राचा अधिपती असं आलं आहे, आणि ते कोरलंय कसं? ‘पश्चिम’चं ‘पसीम’. ‘श्री’चं ‘स्री’. राजाच्या नावामागे! आमच्या कॅशियरने वाचून डोळे मिचकावले आणि म्हणाला, “हा कोरणारा तुमच्या पनवेलकडचा दिसतोय.” सगळे हसले. मी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं.

पुढे रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई. पोर्तुगीज चौलहून १७४० साली गेले, पण किल्ल्याखालच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची भाषा मागे राहिली. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी तिच्यावर १९९६ साली मोठं पुस्तक लिहिलं. त्यातली मजा अशी की पोर्तुगीज वाक्यात क्रियापद मध्ये येतं, आपल्याकडे शेवटी. कोर्लईतही आधी ते मध्येच होतं. मराठी शेजारात राहून राहून हळूहळू शेवटाकडे सरकलं. शब्द पोर्तुगीज, चाल मराठी. नवरीने माहेरचे दागिने अंगावर ठेवले, पण चूल सासरच्या पद्धतीने मांडली. तिला कोणी आज्ञा केली नव्हती. रोज शेजारणीशी बोलायचं होतं, एवढंच.

भाषा बदलण्याची कारणं विद्वान लोक बरीच देतात, आणि त्यातलं एक त्यांनी फार गोड शब्दात सांगितलं आहे – मुखसुख. जिभेला जे सोपं पडतं तिकडे शब्द घसरतो. मी नोटा मोजताना तोंडाने मोजतो, जुनी सवय. “दहा, अकरा, बारा, तेरा...” त्या दिवशी मोजता मोजता थांबलो. ‘एकादश’ची अकरा कशी झाली? ‘द्वादश’ची बारा, ‘त्रयोदश’ची तेरा? ‘दश’मधला ‘द’ प्राकृतात ‘र’ झाला. आणि ‘षोडश’चं सोळा, ‘ड’चा ‘ळ’. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आळसाने, घाईने, किंवा निव्वळ बाजारात गर्दी होती म्हणून, जीभ थोडी सैल सोडली. त्याच्या गुरुजींनी कपाळाला हात लावला असेल. आज त्या आळसावर रिझर्व्ह बँक चालते.

मग ‘गाडी’ची ‘गारी’, ‘साडी’ची ‘सारी’, ‘घोडा’चा ‘घोरा’ करणाऱ्यांनी काय गुन्हा केला? ते त्याच रस्त्याने चालले आहेत, आणि तोंडाने ‘अकरा’ म्हणणारे आम्ही त्यांना हसतो. अनुस्वाराचंच बघा. माझ्या लहानपणी घरात एक जुनी पोथीवजा वही होती, तिच्यात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तूं’ असे ठिपकेच ठिपके. उच्चार केव्हाच गेला होता, ठिपके राहिले होते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ते सगळे काढून टाकले. आम्ही ज्याला बुडीत कर्ज निर्लेखित करणं म्हणतो, ते. आदल्या वर्षी जो मुलगा अनुस्वार विसरला म्हणून नापास झाला, तोच पुढे शुद्धलेखनात पास. त्याला कोणी फरक परत केल्याचं ऐकलं नाही.

आता ते अनामत ठेवलेलं हसणं काढतो.

मी आगरी आहे. आमच्या शाखेत हे फारसं कोणाला माहीत नाही, कारण माझं मराठी छापील आहे. ते मी पाचवीत कमावलं. गावातली चौथी संपवून पनवेलच्या शाळेत आलो, पहिल्याच आठवड्यात धडा वाचताना ‘गारी’ म्हणालो आणि वर्ग फुटला. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी फक्त ‘गाडी’ शंभर वेळा लिहून आणायला सांगितलं. रात्री कंदिलाशी बसून लिहीत होतो, तर आजी शेजारी येऊन बसली. तिला वाटलं, नातू मोठा अभ्यास करतोय. मी तिला म्हणालो, “आजी, गारी नाही. गाडी.” शिकलेलं लगेच दुसऱ्याला शिकवण्याची मला तेव्हापासून खोड. तिने ओठ नीट जुळवून, जीभ वर टेकवून, घास घेतल्यासारखं म्हटलं, “गा-डी.” मग हसून विचारलं, “बराबर कं, बाला?”

तिला ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणता येत नसे, ‘परकल्पगरस’ म्हणायची. पण त्याचा अर्थ तिला कोशापेक्षा चांगला माहीत होता. भाताचे सतरा प्रकार नावानिशी सांगायची. खाडीच्या पाण्याच्या भरती-ओहोटीला तिथीप्रमाणे वेगवेगळे शब्द होते तिच्याकडे. मिठागरातल्या प्रत्येक बांधाला, दरवाजाला नाव होतं. शेत गेलं तसे ते शब्द बेकार झाले. त्यांना कुठला मोबदला नव्हता.

मला नोकरी लागली तेव्हा शाखेतली चारपाच मंडळी घरी जेवायला आली. आजीने स्वतः बोंबील तळले, भाकऱ्या थापल्या. मग कोपऱ्यात बसली आणि चार तास एक शब्द बोलली नाही. कोणी काही विचारलं की नुसतं हसायची. ती माझी गा-डी सांभाळत होती. जाताना एकाने मला हळूच विचारलं, “आजींना ऐकू येत नाही का?”

मी म्हणालो, “हो, जरा कमीच येतं.”

तिचे कान शेवटपर्यंत तिखट होते. ती जवळच, दारातच उभी होती.

पुढल्या वर्षी ती गेली. माझ्या मुलीला मध्यंतरी शाळेने ‘आपल्या बोलीतले वीस शब्द’ असा प्रकल्प दिला होता. मला अकरा आठवले. त्यातला एक मालवणी निघाला.

असो. भाषण झालं. मी रघुनाथपंत, राजवाडे, सावरकर, आक्षी, कोर्लई सगळं पंधरा मिनिटांत कोंबलं. अकरा-बाराचं सांगितलं तेव्हा कॅशियरने मान डोलावली, ‘स्री’चं सांगितलं तेव्हा तो सामोशाकडे बघू लागला. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, यावर टाळ्या झाल्या. आजीचं काही सांगितलं नाही. साहेब म्हणाले, “माहितीपूर्ण झालं. पण विनोदी कुठे होतं?” छायाचित्रं मात्र चांगली आली.

दुसऱ्या दिवशी काउंटर उघडला आणि नेहमीची म्हातारी आली. खाडीपलीकडच्या गावातली, नऊवारी, कानात बुगड्या. दर महिन्याला येते आणि काचेला नाक लावून विचारते, “बाला, माजे खात्यान पेन्सन आयली कं?” दर महिन्याला मी सांगतो, “आजी, अजून आली नाही,” किंवा “आली आहे, बसा.” त्या दिवशी काय झालं कोण जाणे, कदाचित भाषणाचा अंमल उतरला नसेल. मी पासबुक हातात घेतलं आणि वीस-बावीस वर्षांनी पहिल्यांदा काउंटरच्या आतल्या बाजूने म्हणालो, “आयली, आजी. परवाच आयली.”

ती गप्प झाली. तिने चष्मा वर सरकवला, माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, मागच्या रांगेतल्या पोरांकडे पाहिलं. तिचा चेहरा मी ओळखीचा नसल्यासारखा बंद झाला. मग एकेक शब्द जुळवून, जीभ नीट वर टेकवून ती म्हणाली,

“साहेब, मस्करी करू नका. मला शुद्ध समजतं. शुद्धच बोला.”

मी सांगू शकलो असतो. गावाचं नाव सांगितलं असतं तर तिने दोन मिनिटांत नातं काढलं असतं. पण मागे रांग होती.

“आपली रक्कम खात्यात जमा झाली आहे,” मी म्हणालो.

“हां,” म्हातारी म्हणाली, आणि निश्चिंत होऊन बाकावर जाऊन बसली.